खणण्याआधीचे तीन दिवस : कॅसलमेन, व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलिया

सप्टेंबरअखेरीस आम्ही नऊ जण मेलबर्नहून कॅसलमेनला जाऊन आलो. तीन कुटुंबं, दोन गाड्या, एक मेटल डिटेक्टर आणि शिरूरहून आलेला माझा मामा. एप्रिलमध्ये सगळ्या मित्रमंडळींना जमवून गोल्ड रशच्या, म्हणजे सोन्यासाठी माणसांची झुंबड उडाली त्या काळातल्या खाणकामगारांच्या वस्तू शोधायच्या, त्यासाठी चार-पाच दिवसांचं मोठं खोदकाम करायचं, असा बेत होता. त्याची जागा बघायला ही फेरी होती.

बेताचं मूळ माझ्या पुतण्यात. त्याने जुना मिनेलॅब डिटेक्टर विकत घेतला आणि तेव्हापासून त्याच्या तोंडी एकच गोष्ट: १९८० साली किंगोवरला एका माणसाला अशाच यंत्राने सत्तावीस किलोंचा सोन्याचा गोळा सापडला. 'हँड ऑफ फेथ' नावाचा हा गोळा पुढे लास व्हेगासच्या कसिनोने दहा लाख डॉलरच्या वर किंमत मोजून घेतला. आम्हा बाकीच्यांना सोन्यापेक्षा त्या माणसांची ओढ जास्त होती. १८५१ मध्ये इथे सोनं सापडलं आणि दोन-तीन वर्षांत जगाच्या कानाकोपऱ्यातून माणसं येऊन या टेकड्यांवर तंबू ठोकून राहिली. ती काय खात होती, कशात पीत होती? आम्हीही घर सोडून इतक्या लांब आलेली माणसंच आहोत, त्यामुळे हे प्रश्न आम्हाला जवळचे वाटतात.

नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचे वडील कॅसलमेनजवळ मेंढ्या पाळतात. त्यांच्या रानात जुन्या खाणींचे खड्डे आहेत असं कळलं, त्यांनी 'या बघायला' म्हटलं, आणि आम्ही मोठ्यांनी मायनर्स राइट काढून घेतले. हा सोनं शोधायचा परवाना ऑनलाइन मिळतो, दहा वर्षं चालतो आणि पंचवीस-तीस डॉलरच्या आसपास पडतो. परवाना हातात आला म्हणजे सगळं झालं, असा आमचा समज होता.

मामा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आला होता. बेत ऐकल्यावर तो एवढंच म्हणाला, "मी पण येतो. मी खणलेलं आहे." शिरूरजवळ घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं अख्खं गाव उजेडात आणलं. मामा तेव्हा शाळेत होता. दोन हिवाळे तो तिथे रोजंदारीवर पाट्या उचलायला जायचा. ही गोष्ट तो माझ्या लहानपणी सांगायचा, पण मला ते विहीर खणल्याचं सांगावं तसंच वाटायचं.

पहिला दिवस, शुक्रवार

ग्रँड फायनलच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी व्हिक्टोरियात सुट्टी असते, तोच मुहूर्त साधला. सोबत मुलांच्या शाळेची सुट्टीही चालू होती, त्यामुळे राहायची जागा दोन महिने आधी धरावी लागली. मेलबर्नपासून कॅसलमेन सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. रेल्वेही जाते, पण खाणींच्या जागा विखुरलेल्या, गाडी हवीच.

काल्डर फ्रीवे सोडला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळं झालं. गोल्डन वॉटल फुलली होती. तिचे गोंड्यासारखे झुबके बघून मामाने काच खाली केली आणि म्हणाला, "ही तर बाभळीची बहीण!" खरंच आहे, दोघी एकाच घरच्या. कॅसलमेनला पोचेपर्यंत पाऊस लागला, तो संध्याकाळपर्यंत लागूनच राहिला. हवा दहा-अकरा अंशांवर. मामाने कानटोपी चढवली ती तिसऱ्या दिवशीच उतरवली.

दुपारी बेकरीत पेस्टी खाल्ल्या. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचे खाणकामगार या भागात मोठ्या संख्येने आले आणि त्यांच्यासोबत ही पेस्टी आली: मांस, बटाटा, सलगम भरलेली तळहाताएवढी भाजलेली करंजी, कडेला तशीच मुरड घातलेली. खाणीत नेता यावी, हातात धरून खाता यावी म्हणून तिचा हा आकार. आम्हाला भाज्यांची मिळाली. जाऊबाईंनी पिशवीतून लसणाची चटणी काढली आणि मग ती पेस्टी जी लागली! मुलांनी कॅसलमेन रॉक घेतला, पुदिन्याच्या चवीची टणक, जुन्या काळची गोळी. ती १८५३ पासून बनते आहे, म्हणजे तंबूंच्या काळापासून.

पाऊस थोडा कमी झाला तसं चुटनला गेलो, चार-पाच किलोमीटरवर. इथल्या माळावर १५ डिसेंबर १८५१ ला सुमारे पंधरा हजार खाणकामगार जमले होते. सरकारने महिन्याचा परवाना तीस शिलिंगांवरून दुप्पट करायचं ठरवलं होतं, सोनं सापडो न सापडो. लोक जमले आणि सरकारने वाढ मागे घेतली. पुढे १८५४ मध्ये बॅलरॅटला युरेका स्टॉकेडचा, म्हणजे खाणकामगार आणि सरकारी सैनिकांच्या चकमकीचा, रक्तपात झाला आणि १८५५ मध्ये मासिक परवाना जाऊन वर्षाला एक पौंडाचा मायनर्स राइट आला, त्यासोबत मताचा हक्कही. आमच्या फोनमधल्या पीडीएफवर तेच नाव होतं. पावसात उभं राहून लेकीला हे सांगताना मला त्या कागदाचं वजन पहिल्यांदा कळलं.

तिथून गारफील्ड वॉटर व्हीलला गेलो. १८८७ मध्ये उभारलेलं, सुमारे बावीस मीटर व्यासाचं पाणचक्र होतं ते. चक्र कधीच गेलं, त्याला पेलणारे दगडी खांब तेवढे उरलेत. दोन खांबांच्या मधल्या अरुंद फटीत उभं राहून वर बघितलं की सात मजल्यांचं चाक डोळ्यांपुढे फिरायला लागतं. पुतण्या आणि मुलं इथे रमली.

पेनीवेट फ्लॅटला आम्ही शेवटी गेलो आणि तिथून पुढे बोलणंच बंद झालं. ही मुलांची दफनभूमी आहे. १८५२ ते १८५७ या पाच वर्षांत इथे सुमारे दोनशे मुलं पुरली. बहुतेक तान्ही. घाण पाणी, हगवण, ताप. पेनीवेट म्हणजे औंसाचा विसावा भाग. या जमिनीत सोनं इतकं थोडं की कोणी उकरणार नाही, म्हणून मुलांसाठी ही जागा. बहुतेक थडग्यांवर नाव नाही. इथल्याच पाटीसारख्या दगडाच्या चिपा रचून केलेले हातभर लांबीचे आयत आहेत, आणि मधूनच एखादा इतका लहान की आई-बापाने तो आपल्या हाताने रचला असणार हे सांगावं लागत नाही.

मामा बराच वेळ उकिडवा बसला होता. मग म्हणाला, "इनामगावला लेकरं घरातच पुरायची. जमिनीखाली. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, आत पोर." माझ्या लेकीने विचारलं, घरात का? "आईपासून लांब नको म्हणून असेल. कोण सांगणार? साहेब लोक ब्रशनं माती काढायचे आणि आम्हा पोरांना सांगायचे, आवाज करू नका." पाऊस पानांवरून टपटपत होता. आम्हीही आवाज केला नाही.

ही जागा लहान आहे, पाटी चटकन दिसत नाही. मुलांना नेणार असाल तर आधी सांगून न्या. आणि दगडांवर पाय ठेवू नका, थडगं कुठे संपतं ते गवतात कळत नाही.

रात्री वरण-भात, लोणचं, पापड. टेबलावर नकाशा पसरून एप्रिलची आखणी केली: पंधरा माणसं, चार तंबू, फावडी, चाळण्या, सापडलेल्या वस्तू कशा वाटून घ्यायच्या. मामा ऐकत होता. वाटून घ्यायच्या म्हटल्यावर त्याने मान वर केली, पण बोलला काही नाही.

दुसरा दिवस, शनिवार

सकाळी गवतावर पांढरं हिव पडलं होतं आणि आकाश धुतल्यासारखं निळं. दशम्या-चटणी बांधून नऊला शेतावर जायला निघालो. शेवटचे दोन किलोमीटर कच्चा रस्ता. आदल्या दिवशीच्या पावसाने पांढरट चिकणमातीचं नुसतं लोणी झालं होतं आणि आमची सात-आसनी गाडी त्यात रुतली. अर्धा तास फांद्या घातल्या, ढकललं, चाक आणखी खोल गेलं. शेवटी शेतकरी आजोबांचा मुलगा ट्रॅक्टर घेऊन आला. कच्च्या रस्त्यावर जायचं तर पावसानंतर एक दिवस मधे जाऊ द्या. तिथे फोनला रेंज नसते, म्हणून यजमानांना आपली वेळ आधीच सांगून ठेवा. आम्ही दहाला पोचतो म्हटलं होतं, म्हणून ते शोधत आले.

या गोंधळात पुतण्या आणि दोन मुलं डिटेक्टर घेऊन पायी पुढे गेली होती. आम्ही पोचलो तर तो धावत आला, हातात गंजलेली घोड्याची नाल. "काकू, दहा मिनिटांत!" आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नाल हातोहात फिरली. अर्धी झिजलेली, एका बाजूने कागदासारखी पातळ, तीन भोकांत चौकोनी खिळे अजून अडकलेले.

मामाने ती हातात घेतली नाही. त्याने विचारलं, "कुठून काढलीस?"

"तिकडून, आजोबा. त्या खोलगट जागेतून."

"किती खोल होती? तोंड कुठल्या दिशेला होतं? वर कसली माती होती, हीच पांढरी का काळी?"

पुतण्याला सांगता येईना. तो आठवायचा प्रयत्न करत होता, पण यंत्र वाजलं, त्याने फावडं मारलं आणि लोखंड वर आलं, एवढंच त्याच्यापाशी होतं.

आम्ही सगळे त्या जागेकडे गेलो. गवताने भरलेला गोल चर होता, सहा-सात मीटर व्यासाचा, मधे मातीचा उंचवटा. मामा कडेला उभा राहिला आणि त्याचा चेहराच बदलला. "अरे, ही तर चुन्याची घाणी!" आमच्या आजोळी वाड्याच्या मागे अशी घाणी होती. गोल चरात चुना-वाळू घालायची आणि बैल दगडी चाक ओढत फिरायचा. इथे तसाच चर, तसंच मधे खुंटा रोवलेलं मधलं अंग. फरक इतकाच की चरात पाणी आणि सोन्याची चिकणमाती घालायची, आणि घोडा दाते असलेली अवजारं ओढत गोल फिरायचा. माती विरघळली की राड सोडून द्यायची, जड सोनं तळाशी राहतं. इंग्रजीत पडलिंग मशीन म्हणतात, आणि १८५४ च्या सुमारापासून व्हिक्टोरियात ती हजारोंनी झाली.

"म्हणजे घोडा इथून फिरायचा," लेक म्हणाली आणि चराच्या बाहेरच्या कडेने चालायला लागली.

"फिरायचा. एकाच अंगाला वळून वळून. म्हणून नाल एका बाजूनं झिजली असेल. पण ती याच वाटेवर पडली होती का कुणी नंतर फेकली होती, हे आता कसं कळणार?" मामा पुतण्याला रागावला नव्हता. त्याला खरंच वाईट वाटत होतं, आणि तेच पुतण्याला जास्त लागलं.

तेवढ्यात शेतकरी आजोबा आले. ऐंशीच्या पुढचे, काठी टेकत. त्यांनी नाल बघितली, खड्डा बघितला आणि आम्हाला स्वयंपाकघरात चहाला नेलं. काळा चहा, जाड सायीचं दूध, घरचे स्कोन. मग शांतपणे सांगितलं ते असं. मायनर्स राइट सोन्यासाठी आहे, आणि खासगी जमिनीवर असेल तर मालकाच्या संमतीने. जुन्या वस्तूंसाठी तो नाही. व्हिक्टोरियाच्या २०१७ च्या हेरिटेज कायद्याप्रमाणे पंच्याहत्तर वर्षांहून जुने पुरातत्त्वीय अवशेष, ते कोणाच्याही जमिनीत असोत, सरकारी संमतीशिवाय उकरायचे नाहीत, हलवायचे नाहीत. नवी जागा सापडली तर हेरिटेज व्हिक्टोरिया या सरकारी वारसा खात्याला कळवायची. त्यांना हे शेततळं बांधताना कळलं होतं. "माझी जमीन आहे, पण ते सगळं माझं नाही," असं ते म्हणाले.

आमचा पंधरा माणसांचा, वाटून घ्यायच्या वस्तूंचा बेत त्या टेबलावर संपला. मला सांगायलाच हवं, की मी तो बेत मनापासून आखला होता आणि कायद्याचं एक पान उघडून बघितलं नव्हतं. अशी फेरी ठरवणाऱ्या प्रत्येकाने हे पान आधी उघडावं. संमती मिळते, पण त्यासाठी पात्र पुरातत्त्वज्ञ प्रमुख लागतो, कशासाठी खणायचं याचा लेखी आराखडा लागतो, आणि निघालेल्या वस्तूंची निगा कोण करणार, त्या कुठे राहणार, खर्च कोण देणार, हे आधी ठरवावं लागतं. जमिनीतून काढलेलं लोखंड हवेत भराभर गंजतं. त्यावर प्रक्रिया करायची सोय नसेल तर ते मातीतच बरं.

घराबाहेर आलो तर पुतण्या पायरीवर बसला होता. मामा त्याच्या शेजारी टेकला. "मला पहिल्या दिवशी इनामगावला काय काम दिलं माहितीय? सुतळी धरायची. दिवसभर सुतळी. दुसऱ्या दिवशी पण सुतळी. मी आईला म्हणलं, हे लोक खणतच नाहीत."

दुपारनंतर कॅसलमेनला परतलो तर रस्ते ओस. ग्रँड फायनल चालू होती आणि अख्खं गाव टीव्हीपुढे. दुकानं बंद, एका पबमधून मधूनच गलका उठायचा. या दिवशी जेवणाची सोय घरीच ठेवा. आम्ही पिठलं-भाकरी केली. रात्री जाऊबाई म्हणाल्या, "उद्या आपण सुतळीच धरू या की." त्या आर्किटेक्ट आहेत, मोजमाप त्यांच्या हातात बसलेलं. आजोबांना फोन केला. त्यांनी आनंदाने हो म्हटलं.

तिसरा दिवस, रविवार

पहाटे लवकर व्हॉन स्प्रिंग्जला गेलो, कारण मुलांना सोनं धुवायचं वचन दिलं होतं. आधी लोखंडाच्या चवीचं, जिभेवर चुरचुरणारं पाणी हातपंपाने उपसून प्यालो. मामाने दोन ग्लास रिचवले, "मीठ-लिंबू असतं तर सोडाच." टेकडीवर चिनी कामगारांची छोटी दफनभूमी आहे. १८५५ मध्ये व्हिक्टोरियाने चिनी माणसामागे दहा पौंडांचा कर लावला, तेव्हा ही माणसं शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात रोब बंदरावर उतरून शेकडो किलोमीटर चालत इथे आली. आम्हालाही व्हिसाची पत्रं, मुदती, शुल्कं माहीत आहेत. पण चालत? मी त्या थडग्यांपाशी थोडा वेळ एकटी थांबले.

कॅसलमेन डिगिंग्ज नॅशनल हेरिटेज पार्कमध्ये ठरवून दिलेल्या भागांतच सोनं शोधता येतं, नकाशा पार्क्स व्हिक्टोरियाच्या संकेतस्थळावर आहे. फक्त हाताची अवजारं, झाडझुडूप तोडायचं नाही, केलेला खड्डा जाण्याआधी बुजवायचा. आम्ही तशा एका ओढ्यात परात घेऊन बसलो. पाणी बर्फासारखं. रेती, पाणी, हेलकावा, वरचा थर सोडायचा, पुन्हा हेलकावा. मामाने सांगितलं की सराफाच्या दुकानापुढची धूळ झारेकरी अशीच धुतात. दीड तासानंतर लेकीच्या परातीत काळ्या रेतीच्या शेवटच्या कडेला एक पिवळा कण थांबला. खसखशीच्या दाण्याहून लहान. ती श्वास रोखून बघत राहिली. गुंजेच्याही कितीतरी पट कमी, पण तो तिने स्वतः पाण्यातून वेगळा केला होता. आता तो चिकटपट्टीखाली तिच्या वहीत आहे.

इथे काही गोष्टी आवर्जून सांगते. जुने खाणीचे खड्डे उघडे असतात आणि कधी पालापाचोळ्याने झाकलेले. मुलांना हाताशी धरा, कडेवर उभं राहू नका. उन्हं तापली की साप बाहेर येतात, लांब पॅंट आणि घोट्यावरचे बूट हवेतच. खाणींच्या राखाडी रेतीच्या ढिगांत आर्सेनिक असतं, त्यावर मुलांना खेळू देऊ नका आणि खाण्याआधी हात साबणाने धुवा. आणि सप्टेंबरात मॅगपाय पक्षी घरट्याच्या राखणीसाठी डोक्यावर झडप घालतात. मामाच्या कानटोपीवर दोनदा घातली.

अकराला शेतावर पोचलो. रस्ता वाळला होता. आजोबा खुर्ची टाकून आमची वाटच बघत होते.

मग सुतळी. जाऊबाईंनी घाणीच्या मध्यापासून मापं घेतली, मुलांनी सुतळीची टोकं धरली, खुंट्या न ठोकता दगडांखाली दाबली. आम्ही एका रांगेत, दोन हातांवर एक, हळूहळू चालत गेलो. वस्तू दिसली की थांबायचं, चिठ्ठीवर आकडा, शेजारी मापाची पट्टी, फोटो, वहीत नोंद. उचलायचं नाही. मेटल डिटेक्टर गाडीतच होता. पुतण्या नोंदवही धरून सगळ्यांत पुढे होता आणि दर आकड्याला "दिशा? मातीचा रंग?" विचारत होता.

न खणता इतकं दिसेल असं मला वाटलं नव्हतं. घाणीपासून तीस-पस्तीस पावलांवर दगडांचा ढीग होता. तो चुलखंडाचा पाया निघाला, तोंड पूर्वेला. त्याच्या आसपासच काचा होत्या: काळी वाटणारी, ऊन आरपार आलं की गडद हिरवी, जाड दारूच्या बाटलीची. पांढऱ्या मातीच्या चिलमीच्या नळीचे दोन तुकडे, करंगळीहून बारीक. निळ्या नक्षीच्या पांढऱ्या बशीचा कोपरा, त्यावर अर्धा पूल आणि एक झाड. इतक्या चिखलात कोणीतरी चिनी मातीच्या बशीत जेवत होतं! जाऊबाईंच्या कागदावर ठिपके वाढत गेले आणि त्यात आपोआप घर दिसायला लागलं. चुलीपाशी बशी, दाराशी चिलीम, मागच्या उतारावर फुटक्या बाटल्या. एखादी वस्तू खिशात घातली असती तर कागदावरचा तेवढा ठिपका गेला असता.

सदतिसावा आकडा लेकीचा. उताराच्या तळाशी बाटलीचा गळा, निळसर हिरव्या काचेचा, दोन बाजूंनी चिमटा काढल्यासारखा दबलेला. त्या चिमट्यात काचेची गोटी.

मामा गुडघ्यावर बसला. "गोटी सोडा!"

आजोबा खुर्चीतून उठून आले. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला ही बाटली काढली. आतल्या वायूच्या दाबाने गोटी वर जाऊन गळ्याच्या रबराला घट्ट बसते, बुचाची गरज नाही. गोट्या खेळायला मिळाव्यात म्हणून पोरं बाटल्या फोडायची, असं आजोबांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकलं होतं. पण भरलेली बाटली उघडताना त्यांनी कधी पाहिली नव्हती. मग मामाने शिरूरच्या एसटी स्टँडवरचा सोडावाला उभा केला: लाकडी टोपण गळ्यावर ठेवायचं, तळव्याने ठोसा द्यायचा, फट्ट, आणि फेस वर यायच्या आत तोंड लावायचं. पिताना बाटली अशी धरायची की गोटी त्या खाचेत अडकेल, नाहीतर ती परत तोंडाशी येते. आजोबांनी इंग्रजीत विचारायचं, मामाने मराठीत सांगायचं, लेकीने मधे भाषांतर करायचं. थोड्या वेळाने तिची गरज उरली नाही.

गोटीची बाटली १८७० च्या दशकाच्या आधीची असूच शकत नाही, म्हणजे गर्दी ओसरल्यावरही इथे माणसं राहत होती. पुतण्याने ते वहीत लिहिलं. गळा जिथे होता तिथेच ठेवून आम्ही पुढे गेलो.

चार वाजेपर्यंत त्रेसष्ट नोंदी झाल्या. आता हे सगळं आजोबांच्या नावाने हेरिटेज व्हिक्टोरियाला जाईल. आम्ही एप्रिलची तारीख पुसली आहे. त्याऐवजी आधी पुरातत्त्वज्ञ शोधायचा, त्याला हा नकाशा दाखवायचा, आणि त्याला इथे विचारण्यासारखा प्रश्न दिसला तर आमचे हात, चाळण्या आणि रविवार त्याच्या स्वाधीन करायचे. वर्ष लागेल, कदाचित दोन. तोवर दर ऋतूत एकदा येऊन फोटो काढायचे असं ठरलं. मामाचं तिकीट डिसेंबरचं आहे.

निघताना पुतण्याने नाल आणली. रात्रभर ती त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती. त्याच खड्ड्यात, जमेल तितक्या त्याच खोलीवर ठेवायची असं आजोबांशी बोलून ठरलं होतं. तो माती लोटणार तेवढ्यात मामाने हात धरला आणि स्वेटरच्या आतल्या खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं.

"हे खाली टाक. नालेच्या खाली. खणलेला खड्डा बुजवताना तळाशी आजचं नाणं टाकतात. उद्या कुणी उकरलं तर त्याला कळलं पाहिजे, की हा थर आधीच हललाय, याच्यावर विसंबू नको."

पुतण्याने नाणं खाली ठेवलं, वर नाल, वर माती, वर गवताचा उचललेला गड्डा. तळव्याने दाबलं. मग वहीत शेवटची नोंद केली: नाल, घाणीच्या चरात, मूळ खोली व दिशा माहीत नाही, परत पुरली, खाली नाणं, भारत, २०२२.